जमिनीखाली गेलेला खर्च

"मॅडम, आपके राज्य को पैसा चाहिए या झगडा?"

दिल्लीहून भाटियासाहेबांचा फोन होता. केंद्राच्या मंत्रालयात आमच्या योजनेचं टेबल त्यांच्याकडे होतं. आवाज असा खणखणीत, की मी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरूनच बोलायची.

"पैसाच पाहिजे साहेब. झगडा आमच्याकडे भरपूर आहे."

"मग यूसी नीट पाठवा. एक्केचाळीस टक्के खर्चावर दुसरा हप्ता निघत नाही. साठ लागतात. मार्चअखेर आली तर आली, नाही तर विसरा."

फोन आपटला. मीही आपटला, पण माझा नंतर आपटला गेला, याचं मला वाईट वाटलं.

आधी यूसी म्हणजे काय ते सांगते. केंद्र सरकार राज्याला योजनेचे पैसे एकदम देत नाही, हप्त्यांनी देतं. अर्धा वाटा दिल्लीचा, अर्धा राज्याचा. पहिला हप्ता मिळाला की तो खर्च करायचा आणि "इतके मिळाले, इतके अमक्या कामावर लागले" असं सही-शिक्क्यानं लिहून द्यायचं. त्या कागदाचं नाव उपयोगिता प्रमाणपत्र, बोलताना यूसी. ती गेली तर दुसरा हप्ता. नाही गेली तर ठणठण गोपाळ.

मी लेखा अधिकारी. वडील रेल्वेत, नागपूरकडून रायपूरला आले आणि इथलेच झाले. माझं मराठी त्यामुळे असं खिचडी आहे, सांभाळून घ्या. नवं राज्य होऊन दुसरं वर्ष चालू होतं. आज सगळी कार्यालयं नवा रायपूरला काचेच्या इमारतींत आहेत. तेव्हा मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरायचं आणि आमचं संचालनालय भाड्याच्या बंगल्यात. माझी फाइलींची कपाटं त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात होती. खात्याचं नाव नाही सांगत, त्याची गरजही नाही.

हप्ता होता आदिवासी मुलींच्या एका वसतिगृहाचा. कांकेरच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत. भिंती उभ्या, छत नाही. पन्नासेक पोरी शेजारच्या धान्याच्या गोदामात राहत होत्या. तिथल्या अधीक्षिका नेताम दीदी दर आठवड्याला पीसीओवरून फोन करायच्या. त्या रडायच्या नाहीत, भांडायच्या नाहीत, फक्त सांगायच्या.

"मॅडम, गोदाम जूनमध्ये खाली करून द्यावं लागणार. धान येईल. छत नाही झालं तर आईबाप पोरींना घेऊन जातील. एकदा घरी गेलेली पोरगी मग परत येत नाही."

"होईल दीदी."

"हव," म्हणायच्या आणि ठेवायच्या. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. पण त्यांच्या त्या एका शब्दावर माझी दुपार खराब व्हायची.

तर एक्केचाळीसचे साठ कसे करायचे? अहो, सोपं असतं. सगळीकडे करतात. पैसे बांधकाम विभागाच्या खात्यात टाकले की "खर्च झाले" लिहायचं. वीट लागली की नाही ते कोण पाहतं! मी तशी यूसी टाइप करून घेतली. साठ नको, जास्त सरळ दिसतं, म्हणून एकसष्ट टाकले. हुशारी पाहा माझी. आणि संचालक साहूसाहेबांकडे सहीला नेली.

साहूसाहेब धमतरीकडचे. शेतकऱ्याच्या घरचे, बारीक अंगाचे, बोलणं हळू. ओरडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. कागद वाचला, चष्मा काढला.

"मैडम, साइट देखी आपने?"

"नाही सर."

"मग हे एकसष्ट कुठून आले?"

मी कागदावरचा आकडा पुन्हा वाचायला लागले.

"एक्केचाळीसही कुठून आले ते माहीत आहे का?"

मग मात्र मला राग आला. मी म्हटलं, "सर, सगळी राज्यं हेच करतात. आपण एकटेच हरिश्चंद्र व्हायचं आणि पोरींनी गोदामात राहायचं?" कचेरीतलं बोलणं अर्थात हिंदीत, मी मराठीत सांगून राहिले. पण तोंड हेच होतं.

साहेब चिडले नाहीत. म्हणाले, "उद्या सकाळी सहाला जीप येईल. तुम्ही आणि मी जाऊन येऊ. जे आहे ते पाहू, आणि जे पाहू ते लिहू."

तेवढ्यात मंत्र्यांच्या बंगल्यावरून फोन आला. तिकडच्या माणसाचं म्हणणं असं, की दिल्लीनं यूसी नाकारल्याचं एक पत्र लगेच काढून द्या, मंत्रीसाहेबांना केंद्राच्या अन्यायावर निवेदन करायचं आहे. तेव्हा रोज हेच चालायचं. दिल्ली म्हणायची, नव्या राज्याला खर्च करायची अक्कल नाही. रायपूर म्हणायचं, दिल्ली गळा दाबते. पेपरवाल्यांना दोन्हीकडून मसाला. आमचा हप्ता बुडाला असता तर काही लोकांना तो मिळण्यापेक्षा जास्त उपयोगी पडला असता, हे मला त्या दिवशी कळलं.

साहूसाहेब फोनवर म्हणाले, "पत्र एक एप्रिलला देतो. गरज पडली तर." आणि नमस्कार करून ठेवला. त्यांच्या बदलीची धमकी त्याच संध्याकाळी कानावर आली. ती त्यांनी ऐकून घेतली आणि जीपमध्ये डिझेल टाकायला सांगितलं.

साइटवर पोचलो तर मी थक्क झाले. भिंती छताच्या उंचीपर्यंत आल्या होत्या. दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्ट्या ओतलेल्या. मी इंजिनिअर नाही, पण हे एक्केचाळीस टक्क्यांचं काम नव्हतं हे माझ्या आजीलाही कळलं असतं.

तिथला उपअभियंता वर्मा, सहा महिन्यांपूर्वी आलेला. त्यानं एमबी दाखवली. एमबी म्हणजे मापन पुस्तिका. सरकारी बांधकामात जे मोजून या पुस्तिकेत लिहिलं जातं तेवढंच झालं, बाकी डोळ्यांना दिसत असलं तरी झालं नाही. एमबीत नोंद नाही तर बिल नाही. बिल नाही तर पैसे देता येत नाहीत. पैसे दिले नाहीत तर खर्च नाही. आणि खर्च नाही तर यूसी नाही. पाया या सदरात तिथं जवळजवळ काहीच नव्हतं.

"राहिलेल्या भिंती मी मोजून देतो सर," वर्मा म्हणाला, "पण त्यानं सत्तेचाळीसच्या पुढे जात नाही. खरा खर्च पायाचा आहे. इथं कन्हार माती आहे, काळी, फुगणारी. अंदाजपत्रकात पाया जेवढा होता त्याच्या दुप्पट खोल घ्यावा लागला, असं ठेकेदार सांगतो. पण तो आता पुरलेला आहे. मी पाहिलेला नाही. जे मोजलं नाही ते मी कसं लिहू?"

"मग कोणी मोजलं?" साहेबांनी विचारलं.

"रामटेके. माझ्या आधीचे. पण ते जुन्या राज्यात गेले, भोपाळकडे."

ही नव्या राज्याची खास गोष्ट. राज्य वाटलं तशी माणसंही वाटली. यादी निघाली, ज्याचं नाव तिकडं त्यानं तिकडं जायचं. रामटेकेला यादी लागल्यावर आठ दिवसांत मोकळं केलं. पाया भरून झालेला, मोजून झालेला, पण एमबीत चढवायचा राहिलेला. जास्त खोलीच्या मंजुरीसाठी त्यानं तीन पत्रं लिहिली होती. ती ज्या कार्यालयात गेली त्या कार्यालयाचीही तेव्हा वाटणी चालू होती. ठेकेदार बिचारा सहा महिने बिलासाठी चकरा मारत होता.

परत येताना साहेब म्हणाले, "पाहिलंत मैडम? तुम्ही खोटे एकसष्ट लिहीत होता. तिथं खरे असतील."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

रामटेके होता बालाघाटला. सरकारी रस्त्यानं त्याला बोलवायचं म्हणजे रायपूरनं भोपाळला लिहायचं, भोपाळनं जिल्ह्याला. आणि रायपूर-भोपाळ तेव्हा खुर्च्या-कपाटांवरून भांडत होते. साहेबांनी पत्र धाडलंच, पण मला म्हणाले, "आपकी तरफ का आदमी है. फोन कर लीजिए."

मी फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला.

"रामटेके बोलून राहिलो."

"मी रायपूरहून वैरागडे. लेखा अधिकारी. तुमच्या वसतिगृहाच्या पायाचं काम आहे."

"आता आठवण आली काय मॅडम?" माणूस भरलेलाच होता. "आठ दिवसांत हाकलून देलं मले. बायको रायपूरले मास्तरीण. आई तिथंच पुरानी बस्तीत, तिले दिसत नाही. अर्ज करून राहिलो तर कोणी उत्तर देत नाही. आन् आता काहून येऊ मी? तुमचं राज्य, तुमचा पाया!"

बरोबरच होतं त्याचं. पण माझा स्वभाव वाईट, मीही चढले. "माझं राज्य नाही ते, अन् तुमचंही नाही! अन् पाया काय मी खाऊन टाकला? येत नसाल तर नका येऊ, तसं सांगा!"

मला वाटलं, आता ठेवतो.

त्यानं विचारलं, "छत पडलं का त्याच्यावर?"

"नाही न. त्याच्यासाठीच तर."

"पोरी कुठी हायेत?"

"गोदामातच. जूनमध्ये तेही जाणार."

"फील्डबुक हाये माह्याजवळ," तो म्हणाला. "रोजचं रोज लिहिलेलं. शनिवारी येतो. सुट्टी टाकून."

"तिकिटाचं आम्ही पाहतो."

"राहू द्या. माय आहे तिथं, तिले भेटणं होईल."

बालाघाटहून छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं रायपूर. शनिवारी सकाळी स्टेशनवर उतरला. पस्तिशीचा, बुटका, बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. आईला भेटायला आधी जाता का विचारलं, तर म्हणे, "आधी साइट. उजेड हाये तोवर."

जीपमध्ये मी पुन्हा शहाणपणा केला. म्हटलं, "रामटेकेजी, तुम्ही इथं होता त्या वेळची तारीख टाकून सरळ एमबीत लिहून द्या. दहा मिनिटांचं काम."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचा डबाच मागितला. "मॅडम, मागची तारीख टाकू काय? मंग खरं मोजमापही खोटं होईल न बाप्पा!"

समोर बसलेल्या साहूसाहेबांना आरशात हसताना मी पाहिलं.

मग रस्ता त्यानंच सुचवला. वहीत प्रत्येक कोपऱ्याची खोली लिहिलेली होती. आपण चार ठिकाणी भिंतीलगत खड्डे खणू, तळ लागेपर्यंत. वही म्हणते तेवढी खोली निघाली तर वर्मानं वहीवरून आजच्या तारखेनं नोंद घ्यावी, खाली रामटेकेची "तत्कालीन" म्हणून आजचीच सही. साहेबांनी खड्ड्यांच्या जागा स्वतः निवडल्या, रामटेकेला विचारलंही नाही.

खणायला पोरींचे बाप आले. नेताम दीदींनी आम्ही पोचल्याबरोबर जवळच्या गावांत निरोप धाडला. कोणी मजुरी विचारली नाही. दुपारपर्यंत पहिला खड्डा छातीइतका झाला आणि काळी माती संपून लाल मुरूम लागला. वर्मा टेप घेऊन आत उतरला. रामटेके वर उभा, वही मिटलेली, पाठ आमच्याकडे.

वर्मानं आकडा सांगितला. साहेबांनी वही उघडली. तोच आकडा.

दुसरा खड्डा. तोच. तिसऱ्यात दोन सेंटिमीटरचा फरक निघाला. रामटेके लगेच म्हणाला, "तिथं दगड होता, मी वरून माप घेतलं. वहीत लिवलं हाये पाहा, डाव्या बाजूले." होतं. पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: दगड, माप वरून.

चौथा खड्डा आणि वहीतला आकडा जुळला तेव्हा बापांपैकी कोणीतरी टाळी वाजवली. मला काय झालं माहीत नाही, डोळेच भरून आले. तीस वर्षं मी आकड्यांत काढली, पण इतका स्वच्छ आकडा दुसरा पाहिला नाही. हा माणूस हाकलला जात होता, पत्रांना उत्तर नव्हतं, कोणी तपासणार नव्हतं, आणि तरी पेन्सिलीनं दगड लिहून ठेवला होता! खरंच सांगते, त्या क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण मी वयानं मोठी होते आणि तो लाजून मेला असता.

वाढीव खोलीची मंजुरी साहेबांनी सोमवारीच दिली. बिल निघालं, ठेकेदाराला पैसे गेले. मी यूसी पुन्हा टाइप करून घेतली. त्रेसष्ट टक्के. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "पोस्टानं नको. तुम्ही घेऊन जा."

भाटियासाहेबांच्या टेबलावर मी पोचले तेव्हा त्यांच्यासमोर पेपर होता. मंत्र्यांनी पत्राची वाट न पाहता निवेदन ठोकून दिलं होतं, की दिल्ली नव्या राज्याच्या मुलींचे पैसे दाबून बसली आहे.

"हे वाचा," ते म्हणाले. "आणि आता तुम्ही पैसे मागायला आलात."

"मी मागायला नाही आले साहेब. हिशेब द्यायला आले. वाचून नाही म्हणा, मग मी पण मंत्र्यांच्याच बाजूनं बोलते."

त्यांनी कागद ओढून घेतला. वाचला. सोबतचा खड्ड्यांचा अहवाल वाचला, फोटो पाहिले. मग उठून कपाटातून एक गठ्ठा आणला आणि माझ्यापुढे टाकला. वेगवेगळ्या राज्यांच्या यूसी. शंभर टक्के, शंभर टक्के, शंभर टक्के.

"एवढ्या वर्षांत त्रेसष्ट कोणी लिहून आणलेलं नाही," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "आणि कोणी तारीखही आजची टाकत नाही. उशीर झाल्याचं तुम्ही स्वतःच लिहून दिलंत. यावरून मी तुमची फाइल परत पाठवू शकतो, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"चहा घ्या," ते म्हणाले आणि फाइल घेऊन स्वतः उठून वरच्या मजल्यावर गेले. मी दोन चहा प्यायले. ते खाली आले तेव्हा फाइलवर तीन सह्या होत्या. या माणसाला मी वर्षभर शिव्या दिल्या होत्या. मनातल्या मनात माफी मागितली. तोंडानं नुसतं थँक्यू म्हटलं.

हप्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला. मे महिन्यात छत पडलं. जूनमध्ये गोदाम रिकामं झालं आणि पोरी सामान डोक्यावर घेऊन पन्नास पावलं चालत नव्या घरात गेल्या. एकही घरी गेली नाही.

रामटेकेला मात्र नोटीस आली. सुट्टी घेतली होती, पण मुख्यालय सोडायची परवानगी घेतली नव्हती, आणि वर दुसऱ्या राज्याच्या कामावर सही केली म्हणून. आई आजारी होती एवढं लिहिलं असतं तरी सुटला असता, आणि भेटला तर होताच तिला. पण त्यानं जे केलं तेच लिहिलं. साहूसाहेबांनी भोपाळला दोन पानी पत्र धाडलं, इतकं चांगलं पत्र मी त्यांच्या हातून दुसरं पाहिलं नाही. तरी लेखी ताकीद बसलीच. मला इतका संताप आला की दोन दिवस जेवण गेलं नाही.

उद्घाटनाला नावाचे दगड दोन लागले. योजना केंद्राची, म्हणून दिल्लीवाल्यांना आपला दगड पाहिजे. इमारत राज्याची, म्हणून मंत्र्यांना आपला. दाराच्या डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. दोन्हींवर मिळून अकरा नावं. मी दोन्ही दगड नीट वाचून पाहिले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी बालाघाटला फोन लावला. ताकीद, दगड, कशाकशाबद्दल मला बोलायचं होतं. त्यानं बोलूच दिलं नाही.

"किती पोरी हायेत आता, ताई?"

"सगळ्या आहेत. शिवाय नऊ नव्या आल्या."

"मंग जागा कमी पडंल," तो म्हणाला. "साहेबाले सांगून ठेवजा. तो पाया वरचा मजला सहज घेते. खोल हाये."

काही वर्षांनी वरचा मजला चढला. पायावर एक रुपया नव्यानं लागला नाही. रामटेके तिकडेच राहिला, अर्ज कधी मंजूर झाला नाही, आईला त्यानं तिकडे नेलं. दिल्ली आणि रायपूर मात्र त्याही वेळी हप्त्यावरून भांडलेच, आणि पुढेही भांडतील. नव्या लेखा अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगत आले, की आपला आकडा खरा असला तर अर्धं भांडण जिंकलं समजावं. उरलेल्या अर्ध्यासाठी दिल्लीचं रिझर्व्हेशन आधीच करून ठेवावं, मार्चमध्ये मिळत नाही.